लॅपलँडची बस की फौंड्रीचं फाटक?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. मुलगी मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एक्स्चेंजमधून एका सेमिस्टरसाठी ऑक्टोबरमध्ये पोलंडला, क्राकोवच्या एजीएच विद्यापीठात गेली. जाऊन महिना झाला नाही तोवर सहलींची यादी आली. विद्यार्थी संघटनेची लॅपलँडची (फिनलंडचं उत्तर टोक) ट्रिप, १ ते ८ डिसेंबर. प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट चार दिवसांत. ऑश्विट्झ आणि मिठाची खाण एकाच दिवशी. वॉर्सा दोन दिवस. शिवाय विभागाची दोन दिवसांची प्लँट व्हिजिट. नाव सगळ्यांचं ‘स्टडी ट्रिप’. एकट्या लॅपलँडचेच साठ हजार होतात. ती म्हणते, सगळे जातात. मी स्वतः २०२३ मध्ये ग्रुपबरोबर जर्मनीत डुसेलडॉर्फच्या गिफा या ओतकामाच्या प्रदर्शनाला जाऊन आलोय, त्यामुळे ‘स्टडी टूर’मध्ये स्टडी किती आणि टूर किती, हे मला ठाऊक आहे. पैसे द्यावेत का? याचं सर्टिफिकेट पुढं कामाला येतं का? आणि पोरीला असं देशोदेशी हिंडू द्यावं का?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार साहेब,

गिफाचा विषय तुम्हीच काढलात, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. परत आल्यावर तुमच्या शेडमध्ये काय बदललं, ते आठवून बघा. माझा अंदाज असा, की चकचकीत स्टॉलवरचं काही बदललं नसेल. ग्रुपला एखाद्या दिवशी चालू फौंड्रीत नेलं असेल, तर तिथं साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटपाशी उभं राहून जे पाच मिनिटं पाहिलंत, ते मात्र डोक्यात राहिलं असेल. आणि त्या फौंड्रीच्या फाटकावर तुम्ही एकटे गेला असता, तर वॉचमननं आत सोडलं नसतं.

तुमच्या लेकीची यादी याच नजरेनं बघू या. जिथं तिला एकटीला तिकीट काढून जाता येतं, तिथं ग्रुपचे पैसे कशाला द्यायचे? जिथं एकटीला फाटकावरून परत पाठवतील, तिथं मात्र ग्रुप सोडायचा नाही.

यादीत तुम्ही प्लँट व्हिजिट सगळ्यात शेवटी लिहिलीत, ‘शिवाय’ म्हणून. मी ती सगळ्यात वर घेते. तुमची मुलगी कुठं जाऊन बसली आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं! एजीएच हे १९१९ साली सुरू झालेलं खाणकाम आणि धातुकामाचं विद्यापीठ. तिथं ओतकामाची स्वतंत्र फॅकल्टी आहे, १९५१ पासून. आपल्याकडं फौंड्री हा विषय मेकॅनिकलच्या किंवा मेटलर्जीच्या एखाद्या पेपरात उरकतात; तिथं त्याला अख्खी फॅकल्टी आहे. त्यांनी काढलेल्या व्हिजिटमध्ये कारखान्याला विद्यापीठाचं पत्र जातं, पासपोर्ट नंबरासह नावं आधी कळवलेली असतात, बरोबर प्राध्यापक असतात आणि आत दाखवणारा माणूस त्यांचाच जुना विद्यार्थी निघण्याची शक्यता बरीच. असं फाटक पैसे देऊन उघडत नाही.

एक करा. तिला तुमच्या शेडमधले पाच प्रश्न लिहून द्या. साच्यातली जळकी वाळू ते कुठं टाकतात, की परत वापरतात? किती टक्के परत येते? कोअरच्या (साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याच्या) गॅसचा वास कसा काढतात? रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, कोण मोजतं, आणि ते भिंतीवर लावलेलं असतं का? पोअरिंगला, म्हणजे वितळलेला धातू ओतायला, माणूस उभा असतो की यंत्र? टाकाऊ वाळूचं काय करायचं, हा कोल्हापूरच्या प्रत्येक फौंड्रीवाल्याच्या डोक्याला ताप आहे, तुम्हाला मी काय सांगायचं. पुस्तकातला प्रश्न विचारला की पुस्तकातलं उत्तर मिळतं. बापाच्या शेडमधला प्रश्न विचारला की समोरचा फोरमन थांबतो आणि नीट बोलायला लागतो.

कपड्यांचं तुम्ही तिला सांगालच, तरी लिहिते. सुती, पूर्ण बाह्यांचं, बंद बूट. नायलॉनचं जॅकेट भट्टीजवळ नको. आत जाण्याआधी सुरक्षेची माहिती देतात, तिला तिकडं ‘बे-हा-पे’ म्हणतात. तिथं उशिरा पोचलेल्याला बाहेर ठेवलं तर वाद घालू नये. फोटो विचारूनच.

आणखी एक गोष्ट यादीत नाही, कारण तिची जाहिरात होत नाही. पोलंडच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची अभ्यासमंडळं असतात, ‘कोवो नाउकोवे’ म्हणतात त्यांना. एजीएचमध्ये अशी शंभरावर आहेत. ही मंडळं आपापल्या विषयाच्या सहली काढतात, त्या स्वस्त असतात आणि बरोबरची पोरं पोलिश असतात. एक्स्चेंजची मुलं बहुतेक वेळा आपापसातच फिरतात; स्पॅनिश, तुर्की, भारतीय असा घोळका करून क्राकोवमध्ये सहा महिने काढतात आणि एकाही पोलिश घरात चहा न पिता परत येतात. तिला ओतकामाच्या मंडळाच्या बैठकीला जाऊन बसायला सांगा. भाषा अडेल, पण त्या वयाची पोरं इंग्रजी बोलतात.

आता लॅपलँड. माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि त्याचं कारण साठ हजार हे नाही. तारखा बघा. ४ डिसेंबरला संत बार्बराचा दिवस, खाणकामगारांचा सण, पोलिशमध्ये ‘बार्बुर्का’. काळे गणवेश, पिसांचे तुरे लावलेल्या टोप्या, बँड. ज्या विद्यापीठाच्या नावातच खाण आणि भट्टी आहे, तिथं हा दिवस घरच्या कार्यासारखा असतो. जगभरातले लोक हे बघायला तिकडं जातील, आणि तुमची लेक नेमकी तेव्हा दूर लॅपलँडच्या सहलीत असेल! लॅपलँडमधल्या रोव्हानिएमीला डिसेंबरात दिवस जेमतेम दोन-तीन तासांचा असतो आणि आभाळ भरलं तर नॉर्दर्न लाइट्स दिसत नाहीत. हौस म्हणून जायचं असेल तर जरूर जावं, हौसेला मोल नसतं. पण मग तिला ‘स्टडी’ म्हणू नये.

आणि आठ दिवस म्हणजे लॅबचे आठ दिवस. माझी एक चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या एका मुलाला मी निघताना म्हटलं होतं, “मनसोक्त हिंडून घे, परत असा वेळ मिळत नाही.” तो हिंडला. दोन लॅब बुडल्या, भरून काढायची तारीख त्याच्या तिसऱ्या सहलीत गेली, त्या विषयाचे क्रेडिट मिळाले नाहीत आणि इकडं कॉलेजनं बॅकलॉग लावला. त्याच्या आईचा फोन मला अजून आठवतो. युरोपात सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागं २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. लेक्चर बुडालं तर नोट्स मिळतात, लॅब आणि ट्युटोरियलला हजेरी लागते. म्हणून कुठल्याही ट्रिपचे पैसे भरण्याआधी तिनं टाइमटेबल समोर ठेवावं, ग्रुपवरचे फोटो नंतर बघावेत.

प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट हे चार दिवसांत सुमारे दीड हजार किलोमीटर होतं. म्हणजे आपल्याकडं कोल्हापूरहून नागपूरला जाऊन परत यायचं आणि वाटेत तीन राजधान्या बघायच्या. बसच्या काचेतूनच बघायच्या. शिवाय तीन देशांची तीन चलनं, कोरुना, युरो, फोरिंट, आणि क्राकोवला परतल्यावर पुन्हा पोलंडचे झ्लॉटी. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून रेल्वेनं एकच शहर निवडावं, तीन दिवस तिथं राहावं.

ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. क्राकोवपासून ते साधारण ७० किलोमीटरवर आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, आणि गाईडसह जायचं तर गाईडचे पैसे पडतात. सकाळी ऑश्विट्झ आणि दुपारी व्येलिच्काची मिठाची खाण, असा जोडधंदा एजन्सीवाले सर्रास विकतात. त्यात तिनं जाऊ नये. अकरा लाखांच्या आसपास माणसं जिथं मारली गेली, तिथून निघून तासाभरात मिठाची झुंबरं बघायची, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही. दोन दिवस वेगळे काढावेत. ऑश्विट्झला गाईड घ्यावा आणि तीन किलोमीटरवरचा बिर्केनाऊचा भागही चालून बघावा, घाईघाईनं नव्हे.

भट्ट्यांच्या घरात वाढलेल्या मुलीनं तिथं जाण्याला आणखी एक कारण आहे. तिथल्या दहनभट्ट्या एर्फुर्टच्या ‘टॉप्फ अँड सन्स’ या कंपनीनं पुरवल्या होत्या. इंजिनियरांनी ड्रॉइंग काढली, क्षमता मोजली, फिटर पाठवले, बिलं लावली. सगळं कामकाज ऑफिसच्या वेळेत. मेटलर्जी शिकणाऱ्या मुलीनं हे वीस-एकविसाव्या वर्षी समजून घेणं मला कुठल्याही प्लँट व्हिजिटइतकंच अभ्यासाचं वाटतं. त्या रात्री तिचा फोन आला तर “जेवलीस का?” एवढंच विचारा, बाकी तिला बोलू द्या.

व्येलिच्काची खाण शहराजवळच आहे, एकटीला सहज जाता येतं. पर्यटकांचा मार्ग १३५ मीटर खोलपर्यंत जातो, आठशेच्या आसपास पायऱ्या. गर्दी असते, पण लाकडी टेकू आणि घोड्यांनी फिरवायचे रहाट बघण्यासारखे आहेत. नोवा हुतालाही ट्रामनं जाता येतं. १९४९ पासून पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं हे उपनगर. कारखान्याला पुढं तादेउश सेंजिमीर यांचं नाव दिलं. स्टेनलेसच्या पातळ पत्र्यासाठी जगभर वापरतात ती सेंजिमीर मिल त्यांचीच. तिथली ब्लास्ट फर्नेस २०२० मध्ये कायमची बंद झाली. बंद पडलेल्या भट्टीभोवतीचं गाव कसं दिसतं, तेही बघून ठेवावं.

आता कोरड्या गोष्टी. पोलंडचा राष्ट्रीय ‘डी’ व्हिसा असेल तर इतर शेंगेन (सामाईक व्हिसाच्या युरोपीय) देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाईलमधला फोटो चालत नाही, कारण मधेच तपासणी होते. लंडनची स्वस्त विमानं दिसतील, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा. इन्शुरन्सची पॉलिसी उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींत स्कीइंग धरलेलं नसतं, आणि क्राकोवची पोरं हिवाळ्यात झाकोपानेला स्कीइंगला जातातच. प्रवास आणि मुक्काम एकत्र विकणाऱ्यानं ग्राहकाचे पैसे बुडणार नाहीत याची हमी ठेवायची, असा युरोपीय संघाचा २०१५ चा नियम आहे. पण अधूनमधून, नफ्याशिवाय, मोजक्या लोकांसाठी सहल काढणारे त्यातून सुटतात. तेव्हा पैसे कुणाच्या खात्यात जातात, पावती कुणाच्या नावाची आणि ट्रिप रद्द झाली तर किती परत, हे तिनं लेखी विचारावं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर विषय तिथंच संपला.

सर्टिफिकेटचं विचारलंत. त्याचा उपयोग नाही. व्हिजिट तिच्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये (दोन्ही कॉलेजांनी मान्य केलेल्या विषयांच्या यादीत) लिहिलेली असेल तरच क्रेडिट, एरवी तो नुसता कागद. त्याऐवजी प्रत्येक व्हिजिटनंतर दोन पानं लिहायची : हातानं काढलेला ले-आउट, विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं, न कळलेल्या गोष्टी. ‘न कळलेल्या गोष्टी’ हा भाग वगळू नये. इंटरव्ह्यूत तीच दोन पानं पुढं करता येतात, आणि तुमच्या ऑफिसच्या टेबलावरही.

हिंडू द्यावं का, याचं उत्तर तुम्हीच आधी दिलेलं आहे. सहा महिने तिला तिकडं पाठवलंत ना? मग प्रत्येक सहलीला परवानगी मागायला लावू नका. एक रक्कम ठरवून द्या, समजा चाळीस हजार, आणि कुठं खर्च करायची ते तिच्यावर सोडा. लॅपलँड आपोआप यादीतून जाईल. नाही गेलं तर तिनं विचार करून ठेवलं असेल. कुठं, कुणाबरोबर, रात्री कुठल्या पत्त्यावर, एवढं मात्र घरी आणि विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवलेलं असावं.

वॉर्सा राहिलं. ती ट्रिप करू द्या, आणि संयोजकांकडं एक तास मोकळा मागायला सांगा. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं जाऊन फुलं वाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बायका-मुलंच फार, १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले, त्याची ती आठवण. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. हे तुम्ही जाणताच, पण तिला नीट माहीत आहे का, विचारून बघा. क्राकोवमध्ये “तू कुठली?” या प्रश्नाला “इंडिया” म्हणून थांबण्याऐवजी तिनं वळिवडे सांगावं. एखाद्या आजीबाई खुर्ची पुढं सरकवतील, सांगता येत नाही.

शिरोलीहून गांधीनगर जवळच आहे. तिची वॉर्साची तारीख ठरायच्या आत एखाद्या रविवारी तुम्हीच तिकडं जा, छावणीच्या ज्या खुणा अजून शिल्लक असतील त्यांचे फोटो काढा आणि तिला पाठवा.