बदलीवर आलेले अधिकारी आणि आपला शेतकरी

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेचा शाखा व्यवस्थापक आहे. कर्ज विभागात दोन तरुण अधिकारी नवे आलेत, एक बिहारचा, एक आंध्रचा. कामाला चोख, पण मराठी येत नाही. परवा पीककर्जाच्या नूतनीकरणावरून एका केळीवाल्या शेतकऱ्याशी वाजलं. गर्दी जमली, ‘मराठी येत नसेल तर खुर्ची सोडा’ इथवर गेलं. आंध्रचा मुलगा आता बदली मागतोय. काय करू?
– एक शाखा व्यवस्थापक

उत्तर : भाऊ, शेतकऱ्याचा राग रास्त आहे. जमीन त्याची गहाण पडते, तेव्हा कशावर सही करतोय हे त्याला त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे. पण त्या मुलांना दोष देऊ नका. लिपिकाला नेमणूक मिळताना त्या राज्याची भाषा येते का ते तपासतात. अधिकाऱ्यांची भरती बहुतेक वेळा देशभरासाठी होते, तिथे ही अट नसते. बँकेनेच त्यांना इथे पाठवलं, तर शिकवायचं कामही बँकेचंच. ते कामाच्या वेळेत व्हायला हवं. संध्याकाळी दमून खोलीवर गेलेला मुलगा पुस्तक उघडत नाही.

मी जळगावला कर्ज विभागात होते, तेव्हा एक ओडिशाचा अधिकारी आमच्याकडे आला. त्याला आम्ही बाराखडीपासून शिकवलं नाही. रोज दुपारी गर्दी ओसरली की एक सातबारा टेबलावर ठेवायचा. भोगवटादाराचं नाव कुठे, फेरफार क्रमांक कुठे, ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा कसा चढवलेला असतो, बारा नंबरात यंदा कोणतं पीक लावलंय. मग आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा. मग समोरच्याला विचारायचं, ‘काका, ही विहीर सामाईक आहे का?’ कागद आणि प्रश्न जोडीने शिकल्यामुळे पावसाळा लागेपर्यंत तो स्वतः फायली पाहू लागला. तुमच्या बिहारच्या मुलाला देवनागरी वाचता येते, तो लवकर रुळेल. आंध्रच्या मुलाला कदाचित लिपीपासून सुरुवात करावी लागेल; त्याला जास्त वेळ द्या आणि दोघांची तुलना करू नका.

तोवर दुभाष्याचं काम शिपायावर टाकू नका, हे कळकळीने सांगते. कोणाचं किती थकलंय, भावाभावांत वाटणीचा वाद आहे का, हे सगळं त्याच्या तोंडून काउंटरवर बोललं जातं आणि संध्याकाळी गावभर होतं. एखाद्या जाणत्या लिपिकाला ठराविक वेळ त्या टेबलाशी बसवा, ते त्याच्या कामात लेखी धरा, आणि बोलणं आतल्या खोलीत होऊ द्या.

आणखी एक. तुमच्याकडे सगळे शेतकरी लेवा पाटलांच्या बोलीत किंवा मराठीत बोलणारे नसतात. पाल गावाकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून पावरा आदिवासी बाया बचत गटाच्या खात्यासाठी येतात, तडवी शेतकरी येतात. पावरा बाईला मराठीसुद्धा शिकावीच लागलेली असते. काउंटरवर नुसती ‘हो, हो’ म्हणून अंगठा उठवून जाते, आणि आपल्या मराठी कर्मचाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही. म्हणून क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहाल तेव्हा मराठी वर्गाबरोबर त्या पाड्यांमधला बँक मित्रही, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच व्यवहार करून देणारा माणूस, मागा. पावरा आणि तडवी घरांतली शिकलेली मुलं-मुली आहेत. त्यांना भरतीची जाहिरात वेळेवर कळत नाही. ती शाखेत लावा, आश्रमशाळेत पाठवा.

आंध्रच्या मुलाची बदली सध्या थांबवा, पण त्याला बोलावून ऐकून घ्या. त्या दिवशी गर्दीत तो एकटा उभा होता. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिला होतात का, हे त्याच्या नक्की लक्षात असेल. त्या शेतकऱ्यालाही बोलावून घ्या. नूतनीकरण कशासाठी अडलं ते मराठीत, कागदावर लिहून द्या, आणि समजावताना त्या मुलाला शेजारी बसवा. खरिपाची रांग लागायच्या आत हे उरकलेलं बरं.