पेटी नवी, तारा जुन्या
घरातली वीज : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात एसीचे प्रश्न वाढतात. या वेळी बडोद्याच्या जुन्या वस्त्यांतून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत, कारण विचारणं थोड्याफार फरकाने एकच आहे : जुना लाकडी बोर्ड काढून नवी डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) बसवली की काम झालं ना?

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं साठ वर्षांपूर्वीचं दुमजली घर आहे. लाकडी बोर्डावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे सहा किटकॅट फ्यूज. आता दीड टनाचे दोन एसी, गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, एक एचपीचा पंप आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतात, एका दिवसात एमसीबीची (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांची) पेटी बसवून देतो. बसवून घ्यावी का?

उत्तर : पेटी एका दिवसात बसेल, पण त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. घराला एका वेळी किती वीज लागते आणि भिंतीतल्या तारा किती वाहून नेऊ शकतात.

बेरीज करू. दोन एसी ३.२ किलोवॅट, गिझर २, इंडक्शन २, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १, पंप पाऊण, वॉशिंग मशीन अर्धा, फ्रिज, पंखे आणि दिवे मिळून साधारण १. एकूण साडेअकराच्या पुढे. हे सगळं एकदम चालत नाही, हे खरं. पण जानेवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा : गिझर तापतोय, इंडक्शनवर चहा, पंप सुरू, कोणीतरी इस्त्री करतंय. जवळपास सहा किलोवॅट तिथेच होतात, म्हणजे २३० व्होल्टला २६ अँपिअर. तुमचा मेन स्विच बहुधा १५ किंवा ३० अँपिअरचा असेल. त्यावर लिहिलेलं असतं, पुसून वाचा.

गुजरातेत घरगुती सिंगल फेज जोडणी (एकच फेज, म्हणजे एकच जिवंत तार) ६ किलोवॅटपर्यंत मिळते, त्यापुढे थ्री फेज (अशा तीन तारा). तुमचं घर सीमेवर नाही, सीमेपलीकडे आहे. तेव्हा आधी वीज कंपनीकडे (बडोद्यात अजून सगळे तिला जुन्या वीज मंडळाच्या नावाने ‘जीईबी’च म्हणतात) भारवाढीचा अर्ज करा, सोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. स्थिर आकार वाढेल म्हणून लोक भारवाढ टाळतात. गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत २ ते ४ किलोवॅटला महिना २५ रुपये आणि ६ च्या वर ७० रुपये असा तो आकार आहे. पंचेचाळीस रुपयांसाठी सर्व्हिस वायर (खांबापासून मीटरपर्यंतची) जाळून घेण्यात अर्थ नाही.

आता तारा. त्या काळच्या घरांत सागाच्या पट्टीवर ठोकलेली रबरी वायर असते. रबर वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. एक स्विचबोर्ड उघडून वायर हलकेच वाकवा (मेन बंद करून!). आवरणाला तडे गेले तर पेटीचा विचार बाजूला ठेवा, वायरिंग आधी. अशा तारेवर नवी एमसीबी लावली तरी फाटलेलं आवरण फाटलेलंच राहतं.

किटकॅटची आणखी एक जुनी खोड : त्या काळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज घालत. न्यूट्रलचा उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो. दिवा बंद दिसतो म्हणून हात घालणाऱ्याला शॉक बसतो तो इथेच. नव्या पेटीत न्यूट्रलला फ्यूज नको, लिंक (न वितळणारी साधी धातूची पट्टी) हवी.

तुमच्या घरासाठी ‘पर फेज आयसोलेशन’ प्रकारची (प्रत्येक फेज वेगळा बंद करता येणारी) सहा-वे, म्हणजे दर फेजला सहा जागांची, थ्री फेज डीबी घ्या. तिच्यात अठरा एमसीबी बसतात. तुमचे सर्किट तेराच्या आसपास होतील, उरलेल्या जागा राहू द्या. मुख्य म्हणून ३२ अँपिअरची चार पोलची एमसीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारी) आणि प्रत्येक फेजला स्वतंत्र दोन पोलची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) : ४० अँपिअर वाहून नेणारी, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी. त्यामुळे बाथरूमच्या गिझरमधून गळती झाली तर एकच फेज बंद होतो, सगळं घर अंधारात जात नाही. मीटरपासून पेटीपर्यंत तांब्याची १० चौरस मिलिमीटरची वायर. हिशेबाने ६ चालते, पण मे महिन्यात गच्चीखालच्या पाइपात हवाच चाळिशी ओलांडते आणि गरम पाइपात वायरची क्षमता घटते. पुढे दिव्यांना दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी, साध्या पॉवर प्लगना अडीचची आणि १६, एसी, गिझर आणि इंडक्शनला चारची स्वतंत्र वायर आणि १६ किंवा २०. दोन उपकरणं एका चारच्या वायरवर ‘जोडून’ घेऊ नका.

फेज वाटताना एक युक्ती उपयोगी पडते : एक एसी आणि गिझर एकाच फेजवर घाला, त्यांचे ऋतूच वेगळे आहेत. दुसऱ्यावर इंडक्शन आणि वॉशिंग मशीन, तिसऱ्यावर दुसरा एसी, मायक्रोवेव्ह, इस्त्रीचा प्लग. पंप जिथे हलका भार उरेल तिथे. दिवे मात्र तिन्हींवर विभागा. आणि एकाच स्विचबोर्डात दोन फेज येऊ देऊ नका. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या ते ध्यानात नसतं.

थ्री फेजचा एक धोका आधीच सांगतो. न्यूट्रल सुटला तर ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज तीनशेच्या वर चढतं आणि फ्रिज, टीव्ही, राउटर एका झटक्यात जातात. म्हणून न्यूट्रलच्या वायरीला योग्य मापाचं थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवायचं, तारेचे बारीक तंतू नुसते पिळून स्क्रूखाली कोंबायचे नाहीत. आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा.

भिंतींबद्दल : चुन्यामातीच्या भिंतीत खोबण पाडली की पोपडे पडतात आणि सागाच्या खांबाला तर हात लावूच नये. वरून पीव्हीसी केसिंग (तारा झाकणारी प्लास्टिकची पट्टी) चालवा, दिसायला साधं, पण उद्या उघडता येतं. मीटरचं सील कोणीही तोडायचं नाही, कितीही ‘ओळख’ असली तरी.

प्रश्न : गेल्या महिन्यात नवी डीबी बसवली. तेव्हापासून आरसीसीबी दिवसातून चार वेळा पडते. इलेक्ट्रिशियन म्हणतात ३०० मिलिअँपिअरची लावू, मग पडणार नाही. (रावपुरा)

उत्तर : ३०० ची पडणार नाही, हे अगदी खरं. माणसाला शॉक लागला तरी पडणार नाही. ती आगीच्या संरक्षणासाठी असते. ३० चीच ठेवा आणि पडण्याचं कारण शोधा. जुन्या घरात ते बहुतेक वेळा न्यूट्रलमध्येच सापडतं.

आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह मोजते. फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पोचला की ती तोडते. पूर्वी वायर वाचवायला एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या दिव्याला दिलेला असे. किटकॅटला त्याचं काही वाटत नव्हतं. आता त्या दोन खोल्या वेगवेगळ्या आरसीसीबीवर गेल्या की गेलेला प्रवाह भलत्याच दाराने परततो. पहिली शंका जिन्याच्या दिव्यावर घ्या : खालून-वरून लागणारा दिवा, फेज तळमजल्याचा, न्यूट्रल वरच्या मजल्याचा. दुसरी शंका इन्व्हर्टरवर : त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रल पट्टीवर बांधलेला असतो.

शोधायची रीत : सगळ्या एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करा. तरीही टिकत नसेल तर एमसीबीने प्रश्न सुटणार नाही, कारण ती फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरच्या तारा सोडवा आणि एकेक जोडत जा. ज्या तारेला पडेल, तिचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकलाय. सगळ्या बंद असताना टिकत असेल तर एमसीबी एकेक चढवा. एमसीबी चढवताच पडली तर वायरिंग किंवा कायम लावलेलं उपकरण. बटण दाबल्यावर पडली तर ते उपकरण, किंवा उसना न्यूट्रल. गिझरची कॉइल हा नेहमीचा संशयित. शोध लागला की आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दर महिन्याला एकदा दाबत जा. दाबून पडली नाही तर ती निकामी आहे.

प्रश्न : एसीची २० ची एमसीबी दुपारी वीस मिनिटांत पडते. ३२ ची लावू का? (वाडी)

उत्तर : नको. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअरवर तासभरही पडत नाही, ४६ अँपिअरवर ती एका तासाच्या आत कधीतरी पडते. तोवर अडीचची वायर भिंतीत भाजत राहील. दीड टनाचा एसी ८ अँपिअरच्या आसपास घेतो. टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून प्रवाह मोजणारा चिमटा) लावा. आकडा तेवढाच असेल तर दोष एमसीबीच्या सैल स्क्रूत आहे, किंवा पेटी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर आहे. एमसीबी ३० अंशाला मापलेली असते, तापल्या डब्यात ती लवकर पडते. सुरू होतानाच पडत असेल तर मात्र ‘बी’ प्रकारची (छोट्या झटक्यालाही पडणारी) लागलेली असणार, सुरुवातीचा झटका सोसणारी ‘सी’ घ्या.

प्रश्न : आमच्याकडे अर्थिंग नळाच्या पाइपाला जोडलंय. मल्टिमीटरवर फेज-अर्थ २२८ दाखवतो. ठीक आहे ना? (नवापुरा)

उत्तर : आकडा फसवा आहे. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या अर्थिंगवरही तो २२८ दाखवेल. नळाचा लोखंडी पाइप रस्त्याजवळ कधीतरी पीव्हीसीचा झाला असेल, तर अर्थिंग तिथेच संपलं. उलट, गिझर बिघडला तर घरातले सगळे नळ जिवंत होतील. स्वतंत्र अर्थिंग करा : अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती मीठ-कोळसा किंवा तयार मिश्रण, वर पाणी घालायला फनेल आणि झाकणाची चौकट. मापन अर्थ टेस्टरनेच, तेही मे महिन्यात. पावसाळ्यात सगळेच अर्थिंग पास होतात. ५ ओहमच्या आत आलं की समाधान माना.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यावर कमरेपर्यंत होतं, डीबी बुडाली. वाळवून पुन्हा सुरू केली, चालतेय. बदलायची गरज आहे का? (समा)

उत्तर : बदला, आणि आजच. एमसीबी आणि आरसीसीबीच्या आत बारीक स्प्रिंग आणि संपर्क असतात. गाळाचं पाणी आत वाळलं की ‘चालतेय’ म्हणजे वीज जातेय एवढंच, वेळेवर तुटेल याचा भरवसा नाही. बुडालेले सॉकेट आणि स्विचही बदला. पीव्हीसी वायर वाचू शकते. सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या मीटरने) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल तपासा. १ मेगओहमच्या खाली आलेली लाइन ओढून टाका. पाइपात साचलेलं पाणी महिनोन्‌महिने राहतं, म्हणून सर्वांत खालचा बॉक्स उघडून ठेवा. नवी पेटी बसवताना भिंतीवरच्या पाण्याच्या डागापासून किमान दोन फूट वर घ्या आणि तळमजल्याचे प्लग वेगळ्या एमसीबींवर ठेवा. पुन्हा पाणी चढायला लागलं तर खालचं बंद करून वरच्या मजल्याची वीज चालू ठेवता येईल. मीटर वर घ्यायचा असेल तर अर्ज वीज कंपनीकडे, तो आपला आपण हलवायचा नाही.

प्रश्न : अर्ध्या घरात अॅल्युमिनियमची वायर आहे, अर्ध्यात तांब्याची. जोडून चालेल? (कारेलीबाग)

उत्तर : पिळून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, वर ऑक्साइडचा थर धरतं, तांब्याला टेकलं की दमट हवेत झिजतं. जोड सैल होतो, तापतो, प्लास्टिक जळल्याचा वास येतो. तात्पुरतं बायमेटॅलिक कनेक्टर (दोन वेगळ्या धातू जोडण्यासाठीचा) वापरा, आणि एसी किंवा गिझरच्या वाटेवर अॅल्युमिनियम असेल तर ती तार सर्वांत आधी काढा.