आधी ऊब, मग आंघोळ

पंचवटी, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर आपण घाईघाईत बोललो. रस्त्यावरून आलेल्या, मागच्या अंगाला काळे ऑइल लागलेल्या मांजराच्या पिलाला तू लगेच पशुवैद्यांकडे नेलेस आणि त्यांनी तपासून पोटात ऑइल गेल्याची लक्षणे नसल्याचे सांगितले, हे ऐकून जिवात जीव आला. तरीही फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस की सकाळी उठल्याबरोबर त्याला डोक्यावरून स्वच्छ आंघोळ घालणार, आणि तेवढ्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणीबरोबर हातोहात पाठवते आहे. ते पूर्ण वाचल्याशिवाय पिलाच्या अंगाला पाणी लावू नकोस.

मांजराचे पिल्लू मळाने क्वचितच दगावते, पण गारठ्याने फार लवकर दगावते. जन्मानंतरचे जवळजवळ चार आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही; ती त्याला आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या गर्दीत मिळते. मोठ्या मांजराच्या शरीराचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, म्हणजे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. मूठभर आकाराच्या जिवाची केस भिजले की ही ऊब वाऱ्यासारखी उडून जाते. त्यात आपल्या नाशिकची पौषातली थंडी तुला ठाऊक आहे. पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गोदाघाटावर चिखलाने माखलेले एक पिवळे पिल्लू मला सापडले होते. त्याचे डोळे उघडून आठवडासुद्धा झाला नसावा. मी जानेवारीच्या सकाळी सात वाजता त्याला गरम पाण्याने धुतले, पंच्याने पुसले आणि टोपलीत ठेवून स्वयंपाकाला लागले. दहा वाजता पाहते तो त्याचे तोंड आतून गार लागत होते आणि मान उचलत नव्हती. भूक लागली असेल असे समजून मी ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध घातले, आणि ती माझी दुसरी चूक झाली. कारण अंग गार पडलेल्या पिलाचे आतडे काम करत नाही, घातलेले दूध पोटात तसेच राहते किंवा श्वासनलिकेत जाते. आधी त्याला हळूहळू ऊब द्यायला हवी होती. संध्याकाळपर्यंत ते गेले. तेव्हापासून माझ्या घरी आलेल्या प्रत्येक पिलाच्या हिरड्यांना मी आधी बोट लावून पाहते, मग पुढचे ठरवते. तूही तेच कर.

आता तुझ्या पिलाविषयी. तू सांगितलेस की त्याचे वजन 430 ग्रॅम भरले, पुढचे बारीक दात दिसतात आणि डोळे अजून निळे आहेत. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि नीट पोसले गेले तर आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम वाढते, तेव्हा हे पिल्लू साडेतीन ते चार आठवड्यांचे असावे. या वयाच्या पिलाला केवळ स्वच्छ दिसावे म्हणून पूर्ण आंघोळ घालू नये. ओल्या, कोमट फडक्याने पुसणे पुरते. आठ आठवड्यांनंतर गरज पडलीच तर आंघोळ घालता येते, आणि खरे सांगायचे तर एकदा जीभ चालू लागली की बहुतेक मांजरांना ती लागतही नाही. मात्र तुझ्या पिलाच्या अंगावरचे ऑइल आजच निघायला हवे, कारण ते चाटून पोटात जाईल आणि शिवाय चिकटलेल्या केसांमध्ये ऊब धरत नाही. म्हणून फक्त मागचा भाग धुवायचा. डोके, कान आणि छाती कोरडीच ठेवायची.

ही धुलाई दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान कर. त्याच्या तासभर आधी पिलाला थोडे खाऊ घाल, म्हणजे अंगात बळ राहील. खोलीच्या खिडक्या लाव, पंखा बंद ठेव, आणि सगळे सामान हाताशी मांडल्याशिवाय पिलाला उचलू नकोस: दोन-तीन मऊ टॉवेल, एक पसरट घमेले किंवा परात, कोमट पाण्याचे दोन तांबे, थोडे खाद्यतेल आणि भांडी घासायचा सौम्य पातळ साबण. आधी तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन ऑइल लागलेल्या केसांत बोटांनी चोळ. काळे ऑइल या तेलात सुटते, नुसत्या पाण्यात कधीच सुटत नाही. सुटलेला काळा थर जुन्या सुती कापडाने टिपून घे आणि मगच पाण्याकडे वळ. पाण्याचे तापमान बोटांनी पाहू नकोस, आपली बोटे स्वयंपाकघरात उष्णतेला सरावून गेलेली असतात. तान्ह्या बाळाच्या आंघोळीला आपल्या आज्या जसे कोपर बुडवून पाहत, तसे पाहा. कोपराला ऊन किंवा गार काहीच जाणवले नाही, म्हणजे पाणी बरोबर आहे.

घमेल्यात पाणी चार बोटांपेक्षा जास्त नको, आणि तळाशी एक टॉवेल घाल, कारण पाय घसरला की पिल्लू जेवढे घाबरते तेवढे ते पाण्यानेही घाबरत नाही. डावा हात त्याच्या छातीखाली घालून पुढचे पाय तुझ्या मनगटावर टेकव आणि मागचा भाग पाण्यात उतरव. ते ओरडेल. मान इतकी बारीक दिसू लागेल की तुझा हात आपोआप सैल होईल; तो सैल सोडू नकोस आणि आवळूही नकोस. थोडासा साबण पाण्यात आधीच विरघळवून तो केसांच्या दिशेने फिरव, दुसऱ्या तांब्यातल्या स्वच्छ पाण्याने साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धू, आणि हे सगळे पाच मिनिटांत आटप. ऑइल सगळे निघाले नाही तरी तिथेच थांब आणि उरलेले परवा काढ. ते एकदम काढण्याच्या हट्टात आपण पिलाला गारठवतो.

त्यानंतरचा भाग धुण्याहून महत्त्वाचा आहे. टॉवेल चोळू नकोस, दाबून पाणी टिप. पहिला ओला झाला की दुसरा घे. पिलाला अंगाशी धरून उन्हात बस किंवा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेव. हेअर ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून आणि मध्ये तुझा स्वतःचा हात धरून वापर. आवाजाने थरथरू लागले तर तो बंद करून पुन्हा टॉवेलच घे. वरचे केस लवकर सुकतात आणि खालची मऊ लव ओलीच राहते, म्हणून पोटाखाली आणि मांड्यांच्या आत बोट घालून पाहा. तिथे दमटपणा लागला तर पिल्लू अजून कोरडे झालेले नाही असे समज.

काय वापरू नये, हे मला ठळकपणे सांगायचे आहे. फरशी पुसायचे फिनाईल किंवा इतर जंतुनाशक पाण्यात थेंबभरही टाकू नकोस. मांजराच्या यकृताला अशी द्रव्ये नीट बाहेर टाकता येत नाहीत आणि ती चाटून पोटात जातात. याच कारणाने माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते. पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध, पावडर किंवा शाम्पू आणू नकोस, कारण त्यांतल्या पुष्कळशांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते आणि ते मांजराला विष आहे. मला एका दुकानदाराने ‘दोघांनाही चालते’ असे सांगून कुत्र्याची पावडर दिली होती. घरी येऊन डब्यामागची बारीक अक्षरे वाचली म्हणून अनर्थ टळला. टी ट्री तेल आणि कापूर हे घरगुती उपायही नकोत.

पिसवांकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस. एवढ्याशा शरीरातले रक्त पिसवा शोषत राहिल्या तर पिल्लू पांढरे पडते आणि रक्तक्षयाने जाऊही शकते. हिरड्या गुलाबी आहेत की फिकट, हे रोज पाहा. बारीक दातांची पिसवांची फणी आण आणि साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी ठेवून मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने फिरव. फणीत अडकलेली पिसू लगेच त्या पाण्यात बुडव. केसांत काळे कण दिसले आणि ती माती आहे की पिसवांची विष्ठा हे कळेना, तर ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेव: भोवती गंजासारखा तांबूस डाग पसरला की समज, ते पचलेले रक्त आहे. औषधाचा थेंब वय आणि वजन पाहून पशुवैद्यच ठरवतील, कारण अशी पुष्कळ औषधे आठ आठवड्यांखालच्या पिलांना चालत नाहीत. अंथरुणाची फडकी गरम पाण्यात धुऊन उन्हात घालत जा, म्हणजे काढलेल्या पिसवा परत येणार नाहीत.

सामानाची यादी तू मोठी केली आहेस आणि तुझे महिन्याचे पैसे मोजके असतात, म्हणून त्यातले पुष्कळसे खोडते आहे. गादीचे घरटे, घुंगराचा पट्टा, रंगीत कपडे यांतले काहीही नको. निजायला द्राक्षांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके उत्तम. आपल्याकडे हंगामात ते कोणताही फळवाला देईल, आणि त्याला हवेसाठी भोकेही असतात. त्यात जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर घाल आणि गरम पाण्याची पिशवी एकाच बाजूला ठेव, म्हणजे उकडले तर पिलाला दुसरीकडे सरकता येईल. पैसे खर्च करायचेच तर ते ग्रॅममध्ये मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कर. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहीत जा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ होत असेल तर सारे ठीक, सलग दोन दिवस वजन थांबले किंवा घटले तर दवाखाना. आजारी पिल्लू आजारी दिसण्याआधी काटा ते सांगतो.

गायीचे दूध पाजू नकोस, त्याने बहुतेक पिलांना जुलाब होतात. पिलांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आण. आणि आता दात आले आहेत तेव्हा पिलांचे ओले खाद्य त्या दुधात कालवून पसरट बशीत दे, दिवसातून पाच वेळा. ड्रॉपरने पाजावेच लागले तर पिल्लू पोटावर असू दे. बाळासारखे उताणे धरून पाजले की दूध फुप्फुसात जाते. शौचासाठी दोन बोटे उंचीचा कोणताही ट्रे चालेल. त्यात चाळलेली कोरडी वाळू किंवा कागदाचे तुकडे घाल. ओले झाले की घट्ट गोळा होणारी बाजारातली मांजरांची वाळू अजून नको, या वयाची पिल्ले ती खाऊन बघतात. दवाखान्यात न्यायला झाकणाची भाजीची टोपली पुरे, पण झाकण सुतळीने बांधून घे.

संक्रांत जवळ आली आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी लिहिते. गच्चीवर आणि गल्लीत मांजाचे तुकडे पडतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. पिल्लू दोऱ्याशी खेळता खेळता तो गिळते आणि आतडी त्यावर चुणत जातात. खेळायला लोकर, दोरा, रबरबँड काही देऊ नकोस. कागदाचा बोळा पुरतो. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नकोस, तसाच दवाखान्यात ने.

धुताना ते तुला चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. रस्त्यावरून आलेल्या पिलाच्या बाबतीत रेबीजचा विचार करावाच लागतो. पिलाचे पहिले लसीकरण आठ आठवड्यांच्या सुमारास आणि रेबीजची लस तीन महिन्यांची होताच, असे साधारण वेळापत्रक असते. जंतांचे औषध मात्र याच आठवड्यात विचारून घे.

आज दुपारी धुऊन झाले की अर्ध्या तासाने त्याच्या तोंडात बोट घालून पाहा आणि आत उबदार लागते का, ते मला फोन करून सांग. मी फोनजवळच बसून आहे.

तुझी,
मावशी