प्रादेशिक सेनेतून (टीए) परतलो, कंपनी कामावर घेत नाही

प्रश्न: मी डिचोलीचा. कुंडईच्या एका औषध कारखान्यात सहा वर्षं पॅकिंग मशीनवर होतो, शिवाय प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अर्धवेळ सेनेच्या, कोल्हापूरच्या बटालियनमध्ये आहे. गेल्या वर्षी बोलावणं आलं, तो आदेश एचआरला दाखवूनच निघालो. गेल्या महिन्याच्या अखेरीस त्या सेवेतून मोकळा (डिसएम्बॉडी) होऊन परतलो, तर गेटवर म्हणाले, तुझं नाव कमी झालंय. घरी आईने एक पत्र कपाटात जपून ठेवलं होतं : ‘न कळवता काम सोडून गेल्याने सेवा समाप्त’. पत्रावरची तारीख मी निघण्याच्या दोन दिवस आधीची आहे. आता एचआर म्हणतं, राजीनामा लिहून दे, हिशेब चुकता करतो. काय करू?

उत्तर: राजीनामा लिहू नका, भाऊ. हिशेबाच्या पावतीवरही सही नको. तुमची बाजू चांगली आहे, ती त्या एका सहीने जाईल.

आधी मुदतीचं बघा. प्रादेशिक सेना कायदा, १९४८ च्या कलम ७-अ प्रमाणे सैनिकी सेवा संपवून आलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यायचं असतं. तेही मध्ये खंड पडला नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या, त्याहून कमी नसलेल्या अटींवर. मात्र सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत तुम्ही मालकाकडे अर्ज केला नाही, तर मालकाला तेवढाच बचाव पुरतो. गेटवरचं बोलणं सिद्ध करत बसू नका. आजच चार ओळींचा अर्ज करा, सोबत बोलावण्याचा आणि सेवामुक्तीचा आदेश जोडा. प्रतीवर आवक शिक्का मागा. नाही दिला तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ईमेलही टाका. गणेश चवथीला कारखाना बंद म्हणून मुदत थांबेल, या भरवशावर राहू नका.

आता ते पत्र. कंपनीला वाटतं ते तिच्या कामाचं आहे. मला ते तुमच्या कामाचं दिसतं. त्या तारखेला तुम्ही ड्यूटीवर होतात ना? मग काम सोडून गेलात कसे? पंचिंगची नोंद, त्या महिन्याची पगारस्लिप, पीएफचं पासबुक, जे हाती लागेल ते काढून ठेवा. शिवाय बोलावण्याचा आदेश निघाल्यानंतर, प्रत्यक्ष रुजू होण्याआधी कामावरून काढलं, तर ते परत घेण्याची जबाबदारी टाळण्यासाठीच काढलं असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. आदेशाची तारीख आधीची, पत्राची नंतरची, म्हणजे तुमचं प्रकरण नेमकं इथेच बसतं. आणि चौकशी न करता ‘काम सोडलं’ म्हणून नाव कमी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात १९९३ मध्येच सांगितलंय.

कंपनीने नकार दिला किंवा गप्प बसली, तर नियमांत ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे प्रकरण नेता येतं. अर्ज कुठे द्यायचा, हे तुमच्या बटालियनच्या अ‍ॅडज्युटंटकडून (प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून) लेखी घ्या. प्राधिकारी कामावर घ्यायला सांगू शकतो, कमाल सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देऊ शकतो, किंवा कंपनीची अडचण पटली तर तिला सूटही देऊ शकतो. आदेश मोडला तर दंड हजार रुपयांपर्यंत! त्या रकमेला कुठलाही कारखाना भिणार नाही, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका. नोकरीतून काढल्याची तक्रार पणजीत पाटोला, श्रम शक्ती भवनातल्या कामगार आयुक्तांकडेही वेगळी करा. मशीनवरचा माणूस म्हणून तुम्ही तिथे कामगार ठरायला हरकत दिसत नाही.

‘तू माजी सैनिक, कोट्यातून सरकारी नोकरी बघ’ असंही कोणी सांगेल. टीएतल्या माणसाला तो दर्जा सहसा एम्बॉडीड (बोलावून घेतलेल्या) सेवेचं पेन्शन, सेवेतलं अपंगत्व किंवा शौर्यपदक असेल तरच मिळतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. जाताना त्या पत्राचा लिफाफाही न्या. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख पत्रावरच्या तारखेशी जुळते का, ते मला बघायचं आहे.