मधे मराठी नसते तेव्हा

प्रश्न : मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आहे. शाळा-कॉलेज सगळं इथलंच, शाळा मराठी माध्यमाची. सहा वर्षं अंबाजोगाईत खासगी क्लासमध्ये दहावी-बारावीला इंग्रजी शिकवते. परदेशी जाऊन महिनाभराचा सेल्टा कोर्स (प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) करावा आणि पुढे बाहेरच शिकवावं असं मनात आहे. बाबा पैसे द्यायला तयार आहेत, पण विचारतात, तेच प्रमाणपत्र घरबसल्या मिळतं तर विमानाचं तिकीट कशाला? शिवाय माझे उच्चार तिकडे चालतील का, ही धाकधूक आहेच.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे. केंब्रिजचा सेल्टा कुठेही करा, प्रमाणपत्र एकच. किमान 120 तासांचं प्रशिक्षण, त्यात खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवण्याचे 6 तास आणि चार लेखी स्वाध्याय. आता तो पूर्ण ऑनलाइनही होतो. नुसता कागद हवा असेल तर घरूनच करा.

मी 2016 मध्ये बँकॉकला जाऊन केला, आणि आज पुन्हा करायचा झाला तरी जाऊनच करीन. साताऱ्यात क्लास घेताना मुलं अडली की मी मराठीत सांगून मोकळी व्हायचे. तिकडे समोर बारा थाई माणसं. मला थाईचा एक शब्द येत नव्हता, त्यांना मराठीचा. पहिल्या तासाला मी 'प्रेझेंट परफेक्ट' समजावून सांगायला लागले आणि सांगतच राहिले. मागे बसलेल्या प्रशिक्षिकेने घड्याळ लावून टिपलं होतं : 40 मिनिटांपैकी 29 मिनिटं मीच बोलत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या तासाला फळ्यावर एक आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला 2011, उजव्या टोकाला 'आज', वर एक छोटं घर. खाली वाक्य : 'शी हॅज लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' मग दोनच प्रश्न विचारले. ती कधी राहायला आली? आजही तिथेच राहते का? आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. मग हॉटेलात काम करणाऱ्या एक बाई उठल्या, त्यांनी 2011 पासून 'आज'पर्यंत रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'येस. स्टिल हिअर.' मी काहीच न सांगता त्यांना कळलं होतं. मराठीची सोय हाताशी असती तर मी ती रेघ कधीच मारली नसती. तिकिटाचे पैसे मला तिथे फिटले.

आता तुमची धाकधूक. आपण 'मी पाच वर्षं इथे राहतेय' असं वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून आपल्या तोंडून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' येतं. ही चूक कुठून येते ते तुम्हाला आतून माहीत आहे. माझ्या गटातला ब्रिटिश मुलगा वाक्य बिनचूक बोलायचा, पण ते तसंच का, हे विचारायला रात्री माझ्याकडे यायचा. उच्चारांवर मात्र मेहनत घ्या. बनियन या अर्थाचं 'वेस्ट' आणि पश्चिम या अर्थाचं 'वेस्ट' आपण लिहितोही सारखंच आणि बोलतोही सारखंच. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरशासमोर रोज दहा मिनिटं करा. थाई विद्यार्थी 'बिल'ला 'बिन' म्हणायचे, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल'चा 'न' होतो. मी माझा 'व' सुधारत होते, ते त्यांचा 'ल'. मला कुणी हसलं नाही.

खरी अडचण पासपोर्टची आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा ई-2 व्हिसा साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. त्यांत भारत नाही. कित्येक जाहिरातींत सरळ 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलेलं असतं. हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं. तरी पैसे भरण्याआधी ज्या देशात नोकरी हवी तिथल्या दहा जाहिराती वाचा, भारतीय पासपोर्ट चालतो का हे लेखी विचारा. 'नोकरीची हमी' देणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. मी दिले होते, ते बुडाले. आणि सेल्टा म्हणजे बी.एड. नव्हे. परत आल्यावर इथल्या शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर बी.एड. लागेलच.

अर्ज करण्याआधी एक करा. उद्याचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तुम्ही किती मिनिटं बोललात, मुलं किती, ते मोजा. आकडा मला कळवा, मग पुढचं बोलू.