दवाखाना आणि आरोग्य केंद्र एकत्र करताना

प्रश्न : आमच्या वॉर्डात पालिकेचा दवाखाना एका गल्लीत, आरोग्य केंद्र दुसऱ्या गल्लीत. दोन्ही एकत्र करा, खर्च वाचेल, असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याच्या मते ही खाजगीकरणाची सुरुवात. नगरसेवकांना नेमकं काय विचारावं? (वाचक, घाटकोपर)

उत्तर : आधी नवा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती याचा मंजूर तक्ता, मागा. दवाखाने चालवणं मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 61 नुसार पालिकेवर बंधनकारकच आहे. एकत्रीकरणानं ती जबाबदारी टळत नाही. पण किती माणसांनिशी चालवायचे, हे आकृतिबंधात ठरतं आणि कात्री तिथेच लागते. आजची रिक्त पदं नव्या तक्त्यात धरलीच नाहीत, तर ती भरा म्हणायलाही जागा उरत नाही.

खरी काळजी फिरतीच्या कामाची आहे. दवाखान्यात रुग्ण येतो, आरोग्य केंद्राच्या एएनएमला (परिचारिका-प्रसाविकेला) मात्र वस्तीत जावं लागतं. दोन्ही एका इमारतीत आले की ओपीडीची रांग डोळ्यांसमोर असते, म्हणून तिला ड्रेसिंगला नाहीतर केसपेपरच्या खिडकीवर बसवलं जातं. वस्तीतली लसीकरण सत्रं गळू लागतात. बीसीजी या क्षयरोगाच्या लसीची कुपी 10 डोसची; द्रावण मिसळल्यावर 4 तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. सत्राला एकच बाळ आलं की कुपी फोडायला हात धजावत नाही आणि ‘बुधवारी या’ असं सांगितलं जातं. रोजंदारीवरच्या आईला बुधवारी पुन्हा खाडा परवडत नाही, बाळ राहून जातं. गोवर-रुबेलाचंही तेच. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते, तिथे एवढं अडत नाही.

एकत्रीकरणाला आमचा विरोध नाही. औषधसाठा, प्रयोगशाळा, नोंदी एक व्हायलाच हव्यात. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात क्षयरोग, कुष्ठरोग, अंधत्व यांच्या कार्यक्रमांच्या वेगवेगळ्या सोसायट्या (नोंदणीकृत संस्था) जिल्हा आरोग्य सोसायटीत आल्या, पण कार्यक्रमवार निधीचा हिशेब वेगळा राहिला. इथेही फिरतीच्या कर्मचाऱ्यांचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, वेगळंच हवं.

तेव्हा विचारा : मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती? नागरी आरोग्य अभियानाच्या मापानं साधारण 10,000 लोकसंख्येमागे एक एएनएम राहते का? वस्तीत आठवड्याला किती सत्रं होणार? तोंडी आश्वासनावर थांबू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो अर्ज वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आजच द्या, म्हणजे नगरसेवकांना भेटताना आकडे हातात असतील.