बाळाची स्वतःच्या शरीराशी ओळख

तुमचे बाळ तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या मुठीकडे टक लावून पाहत राहिले, तरी काळजी करू नका. या सुमारास बहुतेक बाळांना आपला हात सापडतो, आणि तो आपल्याच इच्छेने हलतो हे उमगेपर्यंत ती तो पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर धरतात आणि तोंडात घालतात. स्पर्शाची जाण तर याहून आधीची असते: बालमानसशास्त्राचे अभ्यासक फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की गालाला दुसऱ्याचे बोट लागले असता नवजात बाळ जितके तोंड वळवते, तितके स्वतःचा हात लागल्यावर वळवत नाही. म्हणूनच ओरखडे उठतील या भीतीने दिवसभर हातमोजे घालून ठेवण्यापेक्षा बाळ झोपलेले असताना नखे कापावीत आणि हात मोकळे सोडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचव्या-सहाव्या महिन्यात पायांची पाळी येते. तेव्हा मोजे काढून टाकावेत. लंगोट बदलताना बाळाचा हात गुप्तांगाकडे गेला, तरी दटावू नये. आरशातले बाळ म्हणजे आपणच, हे मात्र साधारण दीड वर्षानंतर कळू लागते. त्या वयात आजीने गालाला लावलेली तीट आरशात पाहून बाळ स्वतःचाच गाल चाचपते का, हे अवश्य पाहा. पहिल्या वर्षात बाळ सतत एकच हात वापरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.